लाखाचा वर्ग : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ऑनलाइन शिक्षण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ऑनलाइन शिक्षण हे दोन विषय आपल्या अभ्यासक्रमात दोन निरनिराळ्या प्रकरणांत येतात. पहिला विज्ञान व तंत्रज्ञानाच्या विभागात असतो, तर दुसरा सामाजिक क्षेत्र व मानव संसाधन विकासाच्या विभागात. त्यामुळे त्यांची टिपणेही आपण वेगवेगळी काढतो. प्रत्यक्षात गेल्या पंधरा वर्षांत हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतत गेले आहेत. हा गुंता एका संशोधकाच्या कार्याच्या आधारे उलगडावा आणि त्यातून आपल्या देशापुढील प्रश्नाकडे वळावे, असा माझा आजचा प्रयत्न आहे. हे संशोधक म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित असलेले संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू एनजी.

शिकणारे यंत्र

एनजी यांचा जन्म १९७६ मध्ये लंडन येथे झाला आणि बालपण हाँगकाँग व सिंगापूर येथे गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदवी, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून पदव्युत्तर पदवी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात मायकेल जॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट, असा त्यांचा शैक्षणिक प्रवास आहे. २००२ पासून ते स्टॅनफर्ड येथे अध्यापन करू लागले. डेव्हिड ब्लाय आणि जॉर्डन यांच्यासमवेत त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध संगणकशास्त्रातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांपैकी एक आहे. हजारो लेखांच्या ढिगातून, कोणीही आधी वर्गीकरण करून दिलेले नसताना, त्यांत कोणकोणते विषय आले आहेत हे संगणकाने स्वतः शोधून काढावे, अशी त्यातील पद्धती होती.

त्यांचे संशोधन यंत्र-अध्ययन, म्हणजेच मशीन लर्निंग, या शाखेतील आहे. पारंपरिक संगणक-प्रणालीत प्रत्येक नियम माणूस लिहून देतो. यंत्र-अध्ययनात माणूस उदाहरणे देतो आणि नियम यंत्र शोधते. याचे एक बोलके उदाहरण म्हणजे स्टॅनफर्ड येथील स्वयंचलित हेलिकॉप्टरचा प्रकल्प. हवेत कोलांट्या घेणारे हेलिकॉप्टर नेमके कसे चालवावे, हे सूत्रांत लिहिणे अतिशय कठीण असते. म्हणून पीटर अबील, ॲडम कोट्स आणि एनजी यांनी कुशल चालकाने केलेली उड्डाणे नोंदवली. त्यांतील एकही उड्डाण संपूर्ण निर्दोष नव्हते. तथापि, अनेक सदोष प्रयत्न एकत्र ताडून पाहिले असता चालकाला अभिप्रेत असलेला आदर्श मार्ग कोणता, याचे अनुमान संगणकाला करता आले.

हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनात तो पुन्हा येणार आहे. एका चुकीतून फारसे कळत नाही. अनेकांच्या चुका एकत्र पाहिल्या की त्यांमागील आकृतिबंध दिसू लागतो.

२०११ मध्ये गूगलमध्ये जेफ डीन व ग्रेग कोराडो यांच्यासमवेत एनजी यांनी ‘गूगल ब्रेन’ प्रकल्पाचा आरंभ केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १६,००० प्रोसेसर-केंद्रके वापरून यूट्यूबवरील चित्रफितींतून घेतलेली एक कोटी चित्रे एका विशाल चेताजालापुढे, म्हणजे न्यूरल नेटवर्कपुढे ठेवण्यात आली. ‘हे मांजर आहे’ असे त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. तरीही त्या जालातील एक घटक मांजराच्या चेहऱ्याला प्रतिसाद देऊ लागला. विदा विपुल असेल आणि संगणनक्षमता पुरेशी असेल, तर यंत्र बरेच काही स्वतःहून शिकू शकते, हे त्यातून दिसून आले.

वर्गाच्या भिंती दूर झाल्या तेव्हा

त्याच २०११ या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने तीन अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. सेबॅस्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा, जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा आणि एनजी यांचा यंत्र-अध्ययनाचा. पाठ्यसामग्री जालावर ठेवण्याची कल्पना नवीन नव्हती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपली ‘ओपन कोर्सवेअर’ योजना २००१ मध्येच जाहीर केली होती. नवीन होते ते हे की या अभ्यासक्रमांना ठरावीक वेळापत्रक होते, गृहपाठ होता, त्याचे स्वयंचलित मूल्यमापन होते आणि शेवटी पूर्तीचे निवेदनही मिळत होते. थ्रुन व नॉर्विग यांच्या वर्गात सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली, तर एनजी यांच्या वर्गात एक लाखाहून अधिक. विद्यापीठात एनजी यांच्या वर्गात एका वेळी सुमारे ४०० विद्यार्थी असत. तेवढ्याच गतीने एक लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्यास त्यांना २५० वर्षे शिकवावे लागले असते.

यातून २०१२ मध्ये एनजी व त्यांच्या सहकारी प्राध्यापिका डॅफ्नी कोलर यांनी ‘कोर्सेरा’ची स्थापना केली. त्याच वर्षी थ्रुन यांची ‘युडॅसिटी’ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था व हार्वर्ड विद्यापीठ यांचा ‘एडएक्स’ हा संयुक्त उपक्रम पुढे आला.

अशा वर्गाची गरज कोणाला होती? जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग विद्यापीठात अखेरच्या काही जागांसाठी हजारो जण प्रवेशद्वारापाशी रांगेत उभे होते. दार उघडताच चेंगराचेंगरी झाली आणि आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी आलेल्या एका मातेचा त्यात मृत्यू झाला. कोलर यांनी त्याच वर्षीच्या आपल्या एका प्रसिद्ध भाषणात या घटनेचा उल्लेख केला होता. मर्यादित जागा आणि अमर्याद इच्छुक ही स्थिती काय असते, हे आपणांस वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चुकांचे विज्ञान

आता या दोन प्रवाहांचा संगम पाहू. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात दोघांनी एकच चुकीचे उत्तर दिले, तर ते शिक्षकाच्या लक्षातही येत नाही. एनजी यांच्या ऑनलाइन वर्गात एका प्रश्नाला सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी नेमके एकच चुकीचे उत्तर दिले होते. एनजी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या उत्तरामागील गैरसमज शोधला आणि यापुढे जो कोणी तसे उत्तर देईल त्याला त्याच्या चुकीला अनुसरून मार्गदर्शन दिसेल अशी व्यवस्था केली. हेलिकॉप्टरच्या प्रयोगात जे तत्त्व होते, त्याचेच हे शैक्षणिक रूप होय.

दुसरा प्रश्न मूल्यमापनाचा होता. गणिताचे उत्तर यंत्र तपासू शकेल. निबंध वा आराखडा कसा तपासावा? त्यासाठी विद्यार्थ्यांनीच परस्परांचे काम तपासण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. पण सहाध्यायी कधी उदार असतो, तर कधी कठोर. २०१३ मध्ये ख्रिस पीच, एनजी, कोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुमारे ६३ हजार गुणांकनांचे विश्लेषण केले. प्रत्येक परीक्षकाचा कल किती आणि त्याच्या गुणांची विश्वासार्हता किती, याचा अंदाज संख्याशास्त्रीय पद्धतीने बांधून अंतिम गुण अधिक अचूक करता येतात, हे त्यांनी दाखविले. २०१५ मध्ये पीच व सहकाऱ्यांनी चेताजालाच्या साहाय्याने विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा मागोवा घेण्याची पद्धत मांडली. त्याने आतापर्यंत दिलेल्या उत्तरांवरून पुढील प्रश्न त्याला जमेल किंवा नाही, याचे भाकीत करणे हा तिचा गाभा होता.

या सर्व प्रयत्नांमागे एक जुने स्वप्न आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे मांडले की, ज्याला स्वतंत्र शिक्षक लाभतो असा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. मग प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणे परवडणार नाही, तर तोच परिणाम अन्य मार्गाने कसा साधावा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढील संशोधनाने ब्लूम यांचा आकडा बराच खाली आणला. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी केलेल्या आढाव्यात मानवी शिकवणीचा लाभ ब्लूम यांच्या दाव्याच्या निम्म्याहूनही कमी आढळला. मात्र उत्तम संगणकीय शिकवणीचा लाभही जवळजवळ तितकाच आढळला. त्यामुळे हे स्वप्न आकाराने लहान झाले असले तरी ते निराधार ठरलेले नाही.

उघडे दार आणि उंबरठा

येथपर्यंतची हकीकत उत्साहवर्धक आहे. तथापि, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि प्रशासनातही नाण्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक असते.

एनजी यांच्या २०११ च्या वर्गात एक लाखाहून अधिक जणांनी नोंदणी केली, पण तो पूर्ण करणारे सुमारे १३,००० होते. अशा विशाल खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. मराठीत या शब्दाचा जो अर्थ होतो, तो येथे दुर्दैवाने लागू पडतो. नोंदणी करून वर्गाबाहेर पडणारे हजारो विद्यार्थी आपण का गेलो हे सांगत नाहीत. हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील अभ्यासक्रमांचा जस्टिन राइश व होसे रुईपेरेझ-व्हॅलिएन्टे यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी केवळ ३.१३ टक्के जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. निम्म्याहून अधिक जणांनी नोंदणीनंतर पाठ्यसामग्री एकदाही उघडली नव्हती. विद्यार्थ्यांचा मोठा हिस्सा संपन्न देशांतून येत होता, ही बाब अधिक विचार करायला लावणारी आहे.

अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये युडॅसिटीच्या साहाय्याने प्राथमिक गणितासारखे विषय ऑनलाइन शिकविण्याचा प्रयोग केला. पहिल्या सत्रातील उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा कमी भरले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये प्रयोगास विराम देण्यात आला. आधीच पदवी असलेल्या अभियंत्याला जो अभ्यासक्रम पंख देतो, तोच गणितात कच्च्या राहिलेल्या विद्यार्थ्याला एकटे पाडू शकतो. दार उघडणे ही समान संधीची पहिली पायरी झाली. उंबरठा ओलांडण्याचे बळ प्रत्येकाजवळ सारखे नसते.

२०२२ च्या अखेरीस संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वसामान्यांच्या हाती आली आणि प्रश्नाला नवे वळण मिळाले. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना थेट उत्तर देणारी प्रणाली मिळाली, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण प्रणाली काढून घेतल्यावर झालेल्या परीक्षेत ते, ज्यांना ती कधीच मिळाली नव्हती अशा विद्यार्थ्यांपेक्षा, १७ टक्क्यांनी मागे पडले. ज्या गटाला उत्तराऐवजी केवळ टप्प्याटप्प्याने सूचना मिळत होत्या, त्या गटात ही हानी बहुतांशी टळली. म्हणजे यंत्र तेच, रचना वेगळी आणि परिणामही वेगळा.

आपल्या देशाचा मार्ग

भारताने दूरशिक्षणाचा विचार फार पूर्वी सुरू केला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तर १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. त्याआधी २००३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ कार्यक्रम सुरू केला होता. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. चित्रफीत-व्याख्यान, वाचन-साहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच असे त्याचे चार भाग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळविण्याची मुभा देण्यात आली. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये विदाविज्ञानाचा ऑनलाइन पदवी-कार्यक्रम सुरू केला.

आपला उंबरठा मात्र दोन ठिकाणी उंच आहे. पहिला साधनांचा. शिक्षण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशातील इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये सुमारे ५४ टक्के होते आणि २०२४-२५ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या वर गेले. प्रगती लक्षणीय आहे. तरी दर तीन शाळांमागे एक शाळा अद्याप बाहेरच आहे. दुसरा उंबरठा भाषेचा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने याचे एक साधे उत्तर दाखविले. संगणक-प्रणालींचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत, आणि जालजोडणी नसतानाही वापरता येतील अशा रीतीने तयार करण्यात आले. २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ उपक्रम भारतीय भाषांतील यांत्रिक अनुवाद व वाणी-ओळख यांसाठी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मिशनला मंजुरी दिली. संगणनक्षमता, विदासंच आणि मनुष्यबळ विकास ही त्याची प्रमुख अंगे आहेत.

यासोबत खाजगीपणाचा प्रश्नही येतो. चुकांचे विज्ञान विद्यार्थ्यांच्या चुकांच्या नोंदीवर उभे असते. चौदा वर्षांच्या मुलीला अपूर्णांक जमत नाहीत, ही नोंद कोणाकडे राहावी आणि किती काळ? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात या तरतुदीची अंमलबजावणी कशी होते, हे आपण जागरूकतेने पाहावयास हवे.

आपणांसाठी दोन गोष्टी

समारोपापूर्वी दोन व्यवहारोपयोगी गोष्टी सांगतो. पहिली अभ्यासाविषयी. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो वाचून, मिटवून, आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक स्मरते. कोर्सेराने व्याख्यानाच्या मध्येच प्रश्न पेरले ते याच तत्त्वावर. तेव्हा चित्रफीत पाहून झाली म्हणजे अभ्यास झाला, असे समजू नये. कागदावर स्वतः उत्तर लिहावे आणि मगच यंत्राला विचारावे. उत्तर मागण्याऐवजी ‘माझ्या उत्तरात चूक कोठे आहे’ असे विचारावे. तुर्कस्तानातील प्रयोगाचा बोध हाच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या भावी जबाबदारीविषयी. आपणांपैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या जिल्ह्यात ऑनलाइन शिक्षणाची योजना राबविण्याचे काम आपल्याकडे येईल, तेव्हा प्रगती-अहवालात नोंदणीचा आकडा सर्वांत मोठा दिसेल. आपण त्याच्या खालचा आकडा मागावा. किती जणांनी पहिला पाठ उघडला, किती जणांनी शेवटचा गाठला, मधल्या कोणत्या पाठाशी बहुसंख्य अडखळले, आणि त्यांत मुली किती, आदिवासी पाड्यांवरील मुले किती, हे विचारावे. जेथे विद्यार्थी गळतात, तेथे शिक्षक पाठवावा. यंत्राने चूक दाखवावी आणि माणसाने हात धरावा, अशी कामाची वाटणी झाली तर दोन्ही बाजूंचे बळ उपयोगी पडेल.

एनजी यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची तुलना विजेशी केली आहे. विजेच्या बाबतीत आपल्या देशाचा अनुभव असा की, गावाच्या वेशीपर्यंत तार पोहोचणे आणि प्रत्येक घरात दिवा लागणे यांत अनेक दशकांचे अंतर पडले. ज्ञानाच्या बाबतीत ते अंतर कमी करण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

आपणां सर्वांना परीक्षेसाठी आणि त्यानंतरच्या कामासाठी शुभेच्छा.